हंगामाच्या मध्यावर नियम बदलू नका

9 सप्टेंबर 2023 रोजी जी-20 परिषदेच्या निमित्ताने दिल्लीत जागतिक जैवइंधन आघाडी उभी राहिली. भारत, अमेरिका, ब्राझील हे तिचे प्रमुख शिलेदार. त्या वर्षी ऊसदराच्या आंदोलनामुळे कोल्हापुरातील साखर कारखान्यांची धुराडी नोव्हेंबरच्या अखेरीस पेटली आणि 7 डिसेंबरला केंद्राचा आदेश आला: उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठ दिवसांनी तो सैल करून 17 लाख टन साखरेइतकी मुभा मिळाली. तोवर आसवन्यांचे नियोजन कोलमडले होते. त्यांच्यासाठी काढलेले कर्ज मात्र चालूच होते.

साखरटंचाईची केंद्राची भीती खोटी नव्हती. 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट देशाने त्याच साली पाहिला. साखर महागली असती तर झळ गरिबाच्या चहालाच बसली असती. अडचण आली की मोठेही माघार घेतात. रशियाचा वायू आटल्यावर 2022 मध्ये जर्मनीने राखीव ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा चालू केली. आमचा आक्षेप निर्णयाला नाही, त्याच्या वेळेला आहे. पाऊस किती झाला हे सप्टेंबरअखेर कळते. मग साखर किती आणि इथेनॉल किती, हे मोळी टाकण्याआधी का ठरू नये? अन्नपिकांपासूनच्या जैवइंधनावर युरोपीय संघाने 2015 मध्येच सात टक्क्यांची मर्यादा घातली. ती कडक आहे, पण कारखाना काढणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे.

दराचेही तसेच. 2022-23 मध्ये उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) क्विंटलला 305 रुपये होती, 2024-25 मध्ये 340 झाली. रसापासूनच्या इथेनॉलचा दर मात्र दोन्ही वर्षी लिटरला 65 रुपये 61 पैसेच. ही तफावत कारखान्याने सोसायची आणि कारखान्याला झेपली नाही की ती सभासदाच्या बिलात उतरायची. आयातीच्या तेलाविरुद्ध देशाला हवी असलेली ढाल शिरोळ-कागलचा शेतकरी पेलतो आहे. त्याच्या सुरक्षेचा हिशेब आघाडीच्या वहीत कुठे आहे?

एक गोष्ट कोल्हापूरनेच मोकळेपणाने बोलली पाहिजे. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीने राधानगरीचे पाणी मिळालेला हा जिल्हा ऊस पिकवू शकतो. इथेनॉलच्या ओढीने मराठवाड्याच्या तुटीच्या शिवारात ऊस वाढवणे म्हणजे तेलाची टंचाई पाण्याच्या टंचाईने भरून काढणे. तिथे वेगळा कच्चा माल शोधावा लागेल.

ब्राझीलने 1973 च्या तेलसंकटानंतर, 1975 मध्ये इथेनॉलचा कार्यक्रम हाती घेतला आणि पन्नास वर्षे टिकवला. तिथले कारखाने बाजार पाहून साखर-इथेनॉलचे प्रमाण बदलतात. तो देश आघाडीत आपल्या शेजारच्या खुर्चीवर आहे. त्याच्याकडून हे सातत्य शिकून भारताने दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत साखरेचा राखीव साठा, इथेनॉलचा कोटा आणि एफआरपीशी जोडलेला दर एकाच आदेशात जाहीर करावा, आणि गाळप संपेपर्यंत त्याला हात लावू नये.