बदलीवरची बाई

बाळंतपणाच्या भरपगारी रजेसाठी स्त्री-संघटना कितीतरी वर्षे भांडल्या. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. पण रजेवर गेलेल्या बाईच्या जागी जी दुसरी बाई उभी राहते, तिला काय मिळते, हा प्रश्न आपल्या मागणीपत्रांत सहसा नसतो. ती दुसरी बाई मी आहे, म्हणून हे लिहिते.

मी सेलू तालुक्यातल्या वालूरची. बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला, पण कायमची नोकरी मिळाली नाही. कुणी बाळंत झाली, कुणाचे ऑपरेशन झाले, कुणाची सासू अंथरुणाला खिळली, की मला बोलावणे येते. अशा तीन शाळा झाल्या. शेवटची शहरातली, एका ख्रिस्ती संस्थेची. तिचे नाव लिहीत नाही, कारण जी रीत मी सांगणार आहे ती तिन्ही शाळांत सारखीच होती. त्यातल्या एका शाळेत सरस्वतीचा फोटो होता, एकीत पुढाऱ्याचा, एकीत येशूचा. व्हाउचर मात्र एकच.

गावात बायका विचारतात, "तिथं धर्म बदलायला लावतात का गं?" मला कुणी काही बदलायला लावले नाही. सकाळी प्रार्थना व्हायची. नाताळात मुलांनी पुठ्ठ्याची गव्हाणी केली, त्यात गवत मी वालूरहून नेले. धर्माचे विचारणाऱ्या या बायकांपैकी एकीनेही पगाराचे विचारले नाही. दिवसाला २०० रुपये. रविवारचे नाहीत, सणाचे नाहीत, मे महिन्याचे तर नाहीतच. नेमणुकीचा कागद नाही. जीप आणि रेल्वेचे भाडे त्यातूनच.

काम मात्र पूर्ण. पस्तीस मुले. तीन-चार वर्षांच्या मुलाला रजा म्हणजे काय ते कळत नाही. रोजची टीचर गेली आणि ही कोण आली, एवढेच त्याला कळते. पहिले आठ दिवस निम्मा वर्ग रडतो. कुणाला शू सांगता येत नाही, कुणी डबा उघडत नाही. त्यांचा विश्वास मिळवायला पंधरा दिवस लागतात आणि तो मिळाला की थोड्याच दिवसांत निघायची वेळ येते. याला 'मुले सांभाळणे' म्हणतात. जे काम बाई घरी फुकट करते, ते बाहेर केले तरी स्वस्तच असले पाहिजे, हा हिशेब त्यामागे आहे.

खरे तर हे काम शिकूनच करायचे असते, हे महाराष्ट्राला फार आधी ठाऊक होते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांनी तिथे किंडरगार्टनचे शिक्षण घेतले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. म्हणजे बालशिक्षण आणि बाईचे स्वावलंबन हे दोन्ही विचार एकाच बाईने, तेही एका ख्रिस्ती झालेल्या बाईने, बरोबरच आणले. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. अंगणवाडी हा शब्द त्याच कामातून आला. एवढा वारसा असून बालवाडीची बाई कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांच्या मुलाला शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात घेतले, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

आता रजेचे पाहू. १९६१ च्या कायद्यात १२ आठवड्यांची बाळंतपणाची रजा होती, २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवडे झाली. आपण आनंद केला, तो रास्तच होता. पण त्या रजेचा सगळा पगार मालकावर टाकला गेला, सरकारने वाटा उचलला नाही. विनाअनुदान शाळा मग दोन वाटा शोधतात. हा कायदा आम्हाला लागूच नाही म्हणायचे, किंवा बदलीवर स्वस्तातली बाई आणायची. केरळ सरकारला २०२० मध्ये मुद्दाम अधिसूचना काढून खाजगी शाळा या कायद्याखाली आणाव्या लागल्या, यावरूनच काय ते समजावे.

आणि बदलीवरची बाई स्वतः बाळंत झाली तर? रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात २००० मध्ये सांगितले. पण २०१७ नंतरही अट कायम राहिली ती अशी, की आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेले हवे. इथे साठ दिवस, तिथे पन्नास, असे माझे वर्ष जाते. मी वर्षभर राबते आणि कुठेच ८० दिवस भरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. रजा संपत आली तेव्हा मला ऑफिसात बोलावून सांगितले गेले, "तुम्ही या पैशात राहणार असाल, तर जुन्या टीचरना आम्ही येऊ नका म्हणून कळवतो." मला नोकरीची गरज आहे. तरी मी नाही म्हटले. यात माझा मोठेपणा नाही, साधा हिशेब आहे. बाळंतपणाचे निमित्त करून आज तिला काढणारे, उद्या त्याच निमित्ताने मलाही काढतील. रजेची धास्ती तिला, पगाराची मला, आणि फायदा तिसऱ्याचा. दोन बायका एकमेकींच्या वैरिणी आहेत असे मग बाहेरून दिसते. वैर आमचे नव्हते, ते मांडून दिले होते.

संस्था म्हणतात, फी थोडी, अनुदान नाही, दोघींचा पगार कुठून द्यायचा? हा प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याचे उत्तर सरकारकडे मागायला हवे. मूल जन्माला घालणे समाजाचे काम असेल, तर त्याचा खर्च एका शाळेने किंवा एका बदलीवरच्या बाईने का सोसावा?

मुंबईच्या गिरण्यांतही बदली कामगार होते. त्यांच्याकडे निदान बदलीचे कार्ड असे, आणि १९८२ च्या संपात त्यांना कायम करा ही मागणीही होती. अंगणवाडीच्या बायका संघटित झाल्या, लढल्या, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. आम्ही मात्र शाळेशाळेत एकेकट्या विखुरलेल्या, एकमेकींची नावेही माहीत नसलेल्या.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. बदलीच्या बाईला पहिल्या दिवशी नेमणुकीचा कागद द्या. कायम शिक्षिकेच्या पगाराच्या प्रमाणात रोज द्या, मधल्या सुट्या धरून. वेगवेगळ्या शाळांतले दिवस एकत्र मोजण्याची सोय करा. बाळंतपणाच्या रजेच्या खर्चात सरकारने वाटा उचलावा. आणि रजेवरची बाई परत येईल तेव्हा तिची जागा तिचीच असली पाहिजे.

आपापल्या गावातल्या बालवाड्यांत जा. तिथे बदलीवर कोण आहे ते विचारा. तिला आणि रजेवरच्या बाईला एकाच बैठकीला बोलवा. दोघी शेजारी बसल्या, की निम्मे काम तिथेच होईल.