छायाचित्रामागची नावे

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले १८८२ साली, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणले १९७५मध्ये. छापील पुस्तकाची ही गत, तर १९७२च्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बाईची काय? मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांची नोंद झाली. मागच्या रांगा अनामिकच राहिल्या. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून बोलते केले, तेव्हा कुठे १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध झाले. स्त्रियांचा इतिहास जपणाऱ्या अभिलेखपालाला असेच दारोदार हिंडावे लागते. पक्षकार्यालये ठराव जपतात, हस्तपत्रके मात्र रद्दीत घालतात! निदान मोर्च्यांच्या छायाचित्रांमागे, ओळखणाऱ्या बाया हयात आहेत तोवर, नावे लिहून घ्यावीत.