गुठळी बाईच्याही रक्तात होते

रत्नागिरीजवळच्या एका वाडीतली आमच्या गटातली बाई. छातीत दाटून येत होतं, जबडा नि पाठ दुखत होती, अंगाला दरदरून घाम. दवाखान्यात तिला पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला. ईसीजी निघाला तिसऱ्या दिवशी. तोवर हृदयाचा एक भाग निकामी झाला होता. आता तिला भरला हंडा उचलवत नाही, आणि घरचे म्हणतात, आळशी झाली! तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखलं असतं तर तासाभरात रिक्षा दारात आली असती.

रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं. जखम झाली की त्याचे धागे होऊन जाळं विणलं जातं, रक्त थांबतं. हेच जाळं हृदयाच्या रोहिणीत, चरबीचा थर फुटल्या जागी विणलं गेलं की हार्ट अ‍ॅटॅक. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून चाललेल्या पाहणीत १९८७ साली दिसलं, की हे प्रथिन जास्त असलेल्यांना हृदयविकारही जास्त. पुरुषांना आणि बायकांनाही. ते कारण की नुसती खूण, यावर वाद आहे. पण 'बायकांना अ‍ॅटॅक येत नाही' हे कुठल्या पाहणीत सापडलं, ते मला कुणी सांगावं.

गरोदरपणात हे प्रथिन दीडपट-दुप्पट होतं. बाळंतपणात रक्त वाहून बाई जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ती तरतूद. गुठळीचा धोका नंतरही सहा आठवडे चढा राहतो. म्हणून बाळंतिणीने हिंडतं-फिरतं राहावं. बाजेवर जखडून ठेवणं नको. (ज्यांना बाज मिळते त्यांच्याबद्दल बोलतेय. बाकीच्या दहाव्या दिवशी कामाला लागतात.)

'माला-एन'मधलं इस्ट्रोजनही रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. निरोगी तरुण बाईला धोका थोडा, गरोदरपणातल्यापेक्षा कमीच. गोळी बंद करा असं मी म्हणत नाही. पण रक्तदाब चढा असेल तर ही गोळी देऊ नये, आणि आमच्याकडे कितीजणी मिश्री लावतात! तिच्यातलं निकोटिन रक्तदाब चढवतं. १९९६ साली कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं कागदावरून गेली, पाकिटं मोजायची सवय गेली नाही. पाकीट हातात ठेवण्याआधी किती दंडांना पट्टा बांधला, तेही मोजा.

गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरीन जीव वाचवतात, हे १९८८ च्या मोठ्या चाचणीने दाखवलं. पण हे औषध पहिल्या काही तासांतच खरं कामाचं. ते तास आमच्या बाईचे पित्ताच्या गोळीत गेले. चाळिशीपुढच्या बाईला घाम, जबडा, पाठ अशी तक्रार असेल, तर आधी ईसीजी काढा; पित्ताचं नंतर बघू.