मत आधी, मोट मागाहून? चालायचे नाही!

कामतघरच्या कामगार बंधूंनो, भगिनींनो!

बीम जसा भरला, तसेच कापड निघते, हे मागावर उभे राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. निवडणुकीचेही तेच. मत तुमचे, पण त्याचे पुढे काय व्हायचे, ते प्रभागाची आखणी, राज्याची हद्द आणि खुर्चीचे वाटप ठरवते.

१९५७ साल आठवा. आदल्या वर्षी, ६ फेब्रुवारी १९५६ ला, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. एरवी एकमेकांशी भांडणारे! पण त्यांनी मोट बांधली ती मतदानाआधी, लोकांदेखत. मागणी एकच : मुंबईसह महाराष्ट्र! कुणाला मत देतो आणि कशासाठी, हे गिरणी कामगाराला पक्के ठाऊक होते. डांगे लोकसभेत गेले, अत्रे आणि एस. एम. विधानसभेत. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली.

तरी सरकार कुणाचे आले? काँग्रेसचेच! द्विभाषिकाची हद्दच अशी, की गुजरात आणि इतर भागांतल्या जागांनी तिला तारले. पण कौल इतका स्वच्छ होता, की दिल्लीला तो फार काळ दडपता आला नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

आता आपल्या भिवंडीकडे या. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. गटार तुंबले, तर धरायचे कुणाला? चौघेही एकमेकांकडे बोट दाखवणार! ९० पैकी ४७ जागा काँग्रेसला मिळाल्या. उघड बहुमत. पण महापौर तुम्ही निवडत नाही, नगरसेवक निवडतात. डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसचे १८ जण फुटले आणि चार जागांच्या कोणार्क विकास आघाडीचा महापौर ४९ विरुद्ध ४१ मतांनी बसला! फुटिरांविरुद्ध १९८६ चा कायदा आहे. खुर्ची मात्र २०२२ मध्ये मुदत संपेपर्यंत हलली नाही.

काँग्रेसची वकिली आम्हांला करायची नाही; तिच्याशी आमच्या वडीलधाऱ्यांनीच झुंज दिली. युती हेही पाप नव्हे; समिती युतीच होती. पाप आहे ते लपवाछपवीचे. मागाहून सगळे आपसांतच वाटून घेणार, हे एकदा कळले की कामगार पक्ष बघत नाही, नळ जोडून देणारा बघतो. त्याला नावे ठेवू नका. त्याला तसे करायला लावले ते या नियमांनी!

म्हणून आमचे मागणे : एक प्रभाग, एक नगरसेवक. मोट बांधायची तर मतदानाआधी, छापून, सही ठोकून. आणि फुटिराचा निकाल ठरल्या मुदतीत.

घरात मराठी बोला, तेलुगू बोला की भोजपुरी. पाळी सर्वांची एकच आहे. वऱ्हाळा तलावाकाठी मते मागायला येईल त्याला उभा धरा आणि विचारा, "निवडून आल्यावर कुणाच्या पंगतीला बसणार?"

उत्तर तोंडी नको. लिहून घ्या!

जय महाराष्ट्र!