झाकली मूठ आणि तीन पाने

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पोकर या अमेरिकेत वाढलेल्या पत्त्यांच्या खेळात ही म्हण पहिल्या दोन पानांपुरतीच खरी ठरते. टेक्सास होल्डेम या त्याच्या प्रसिद्ध प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, बोली होते आणि मग मध्यभागी सर्वांसाठी तीन पाने उघडतात. त्यांना फ्लॉप म्हणतात. पुढे एकेक करून आणखी दोन पाने येतात. समजा, हाती एक्का-राजा आला, आपण ऐटीत पैसे वाढवले आणि फ्लॉप पडला नव्वी, सत्ती, तिर्री. आता काय करावे?

हा लेख जुगाराची वकिली नव्हे. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले असे मी मानतो. परंतु चिंचोक्यांवर खेळले तरी या प्रश्नातले गणित वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे.

एक्का-राजाला फ्लॉपवर एक्का किंवा राजा मिळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के, म्हणजे तीनपैकी दोन वेळा हात कोराच राहतो. न दिसलेल्या ४७ पानांत उपयोगाची पाने फक्त सहा. पुढच्याच पानावर त्यांतले एक येण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आत, दोन्ही पाने धरून २४ टक्के. मध्ये १०० चिंचोके असताना समोरच्याने ५० लावले, तर आपण ५० देऊन १५० साठी खेळतो. म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवे. समोरच्याकडे खरोखर जोडी असेल, तर हा सौदा तोट्याचा आहे.

मग काय, लगेच पाने टाकावीत? तसेही नाही. समोर एकच खेळाडू असेल, तर त्याचाही हात बहुधा तीनांत दोनदा कोराच असतो. १०० च्या डावात आपण ५० लावले आणि तो तीनांत एकदा जरी पॅक झाला, तरी आपले नुकसान नाही. म्हणून एकदा हाक द्यावी. पण समोर तिघे असतील, तर तिघांचेही हात कोरे असण्याची शक्यता सत्तावीसांत आठ, म्हणजे तीनांत एकाहूनही कमी. तेव्हा गप्प बसणेच शहाणपणाचे. आणि एका हाकेला समोरचा हलला नाही, तर केवळ एक्का-राजाच्या मानासाठी पुन्हा पैसे ओतू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट एक गोष्ट पाहा. डॉयल ब्रन्सन हा खेळाडू १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरला. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हाती होती दश्शी आणि दुर्री! हलकी पाने, पण उघडलेल्या पानांशी त्यांचे जुळले. हाताची किंमत हात ठरवत नाही, मधली पाने ठरवतात.

आपल्या घरांत मात्र उलटे चालते. आजोबांनी पेढी काढली, तिचे नाव मोठे. म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे गेल्यावरही कर्ज काढून ती चालवायची, प्रसंगी आईचे दागिने गहाण टाकायचे. का, तर 'इतके घातले, आता सोडायचे कसे?' नाव हे हातातले पान आहे. बाजार हा फ्लॉप आहे. बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, हे आपण उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवतो आणि घरी आल्यावर विसरतो. डावात पडलेले चिंचोके आपले राहिलेले नसतात. आपले असतात ते अजून हातात उरलेले.

चिकाटी हा गुण आहे, हे कोण नाकारील? दहावीला पहिला आलेला मुलगा एखाद्या परीक्षेत नापास झाला, तर त्याने पुन्हा बसावेच. पण चौथ्यांदा बसताना त्याने दहावीच्या गुणांकडे पाहू नये. यंदा अभ्यास किती झाला, वेळ किती आहे, घरचा खर्च कोण उचलतो, हे पाहावे. उत्तर अनुकूल असेल तर बेलाशक बसावे. नसेल तर वडीलधाऱ्यांनीही त्याला पळपुटा म्हणू नये. चांगला हात वेळीच खाली ठेवणाऱ्याकडेच पुढच्या डावासाठी भांडवल उरते.