आधीं हात दाखवा, मग धर्म सांगा

गांवांत धर्म सांगणारा नवा माणूस आला, कीं आमचा कुणबी त्याची पोथी पाहत नाहीं, हात पाहतो. घट्टे पडलेले असले तर ओट्यावर बसवून भाकर देतो. मऊ असले तर लांबूनच रामराम. मऊ हातांच्या पोथीवाल्यांनीं आम्हांस इतकें शहाणें केलें आहे. म्हणून आज एका जोडे शिवणाऱ्याची हकीकत वाचकांपुढें ठेवितों. तो ख्रिस्ती होता; आम्ही ख्रिस्ती नव्हे; पण त्यानें आपला धर्म लोकांत ज्या रीतीनें नेला, तीवर कोणत्याही धर्मवाल्यानें विचार करावा.

विल्यम केरी 1761 सालीं इंग्लंडांत जन्मला. बाप विणकर, पुढें गांवचा शाळामास्तर. पोरगा जोड्यांच्या कामावर उमेदवार राहिला. दुकानाच्या भिंतीवर कागदास कागद जोडून केलेला जगाचा नकाशा होता. हात आरीदोऱ्यावर आणि डोळा नकाशावर. पुढें बड्या साहेबाच्या पंक्तीस कोणी खिजविण्यासाठीं मोठ्यानें विचारलें, कीं हा पूर्वी जोडे करणारा ना? केरी म्हणाला, जोडे करणारा कसला, जुने सांधणारा. चार बुकें शिकून बापाचा धंदा लपविणारे आमच्यांतही आहेत. त्यांनीं हें ऐकून ठेवावें. ख्रिस्ताच्या घरीं सुतारकी होती, त्याचा प्रेषित पौल तंबूचें काम करून पोट भरी; तेव्हां त्या धर्मास यांत नवल नव्हतें. नवल वाटलें तें इंग्लंडांतल्याच बड्या लोकांस.

1793 सालीं केरी बंगाल्यांत उतरला. जवळ पैसा नाहीं, म्हणून 1794 पासून मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर कारभारी राहिला. येथें आम्ही अडतों. नीळ म्हणजे रयतेच्या मानेवरचें जूं. बंगालच्या कुळांनीं 1859 सालीं तिच्याविरुद्ध उठाव केला, तो उगाच नव्हे. केरी मनानें दयाळू असेल, पण पगार त्या निळींतलाच. कारखान्याच्या साहेबानें क्षमा व प्रेम सांगितलें, तर कूळ काय करणार? मान डोलवील आणि घरीं जाईल. सात वर्षें उपदेश झाला. एकाही बंगाल्यानें बाप्तिस्मा घेतला नाहीं.

1800 च्या आरंभीं तो श्रीरामपुरास गेला. हें बंगाल्यांतलें श्रीरामपूर, आपल्याकडचें नव्हे. तेथें तेव्हां डेन्मार्कचा अंमल होता. वॉर्ड छापखान्याचा माणूस, मार्शमन शाळामास्तर, त्याची बायको हॅना मुलींस शिकवी. सर्वांची कमाई एका पेटींत. केरीस 1801 पासून फोर्ट विल्यम कॉलेजांत भाषा शिकविण्याचे दरमहा 500 रुपये मिळूं लागले, तेही त्याच पेटींत, स्वतःस खर्चापुरतें. हा हिशेब मात्र आम्हांस समजतो.

तेथें कृष्ण पाल नांवाचा सुतार होता. पडून त्याचा हात निखळला. केरीचा सोबती डॉक्टर टॉमस यानें तो बसवून दिला. सुताराचा हात गेला म्हणजे घरची चूल गेली, हें कारागिराच्या बायकोस सांगावयास नको. सात वर्षांच्या उपदेशानें झालें नाहीं तें येथें झालें. तो येत जात राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, आणि त्याबरोबर लोक खवळले. जमावानें त्यास ओढीत न्यायाधिशापुढें नेलें. डेन्मार्कच्या अंमलदारानें सोडविलें. 28 डिसेंबर 1800 रोजीं त्यानें नदींत बाप्तिस्मा घेतला.

कोणी म्हणेल, हात बसवून धर्म विकत घेतला. आक्षेप रास्त आहे. औषधाच्या बाटलींतून जेथें धर्म पाजतात, तेथें आम्हीही तोच घेऊं. पण विकला जाणारा माणूस कांहीं मिळवितो. या सुतारानें जात, शेजार आणि अब्रू एका जेवणांत घालविली. पुढें 1803 सालीं कृष्णप्रसाद नांवाच्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणानें याच सुताराची मुलगी केली, आणि लग्नाचें जेवण सुताराच्या घरीं झालें. गोरे पाद्री त्याच्या अंगणांत जेवावयास बसले. ज्यांच्या घरीं पाण्याचा तांब्या अजून वेगळा ठेवतात, त्यांनीं हा सन पुन्हां वाचावा.

आमच्या मराठीचाही या घरांत वांटा आहे. केरीचें मराठी व्याकरण 1805 सालचें, कोश 1810 चा, मराठी नवा करार 1811 चा. छापावयास अक्षरें मात्र कोणी दिलीं? पंचानन कर्मकार यानें. कर्मकार म्हणजे आपल्याकडचा लोहार. तो पोलादावर एकेक देवनागरी अक्षर उलटें कोरी. त्याच्यामागें जांवई मनोहर यानें तेंच काम पुढें चालविलें. पंचाननास कोणी ख्रिस्ती हो म्हणून अडविलें नाहीं. काम चोख होतें, तेवढ्यावर तो त्या घरचा होता. कोशाच्या पहिल्या पानावर केरीचें नांव आहे. लोहाराचें नाहीं.