तालमीला वेळ नाही? मग संहिताच नको!



यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात नाटुकले नाही, असे कळले. कुणाची रात्रपाळी, कुणाला कॉर्कहून यायचे. तालमीला आठ माणसे एका वेळी जमत नाहीत. अडचण खरी आहे, पण नाटकच रद्द करणे मला पटत नाही.

मी दिवसा प्रयोगशाळेत नमुने तपासतो आणि महिन्यातून दोनदा डब्लिनमधल्या एका पबच्या माडीवर आयत्या वेळचे विनोदी नाटक करतो. इथे त्याला ‘इम्प्रोव्ह’ म्हणतात. प्रेक्षकांतून कुणी एखादा शब्द ओरडतो आणि त्यावर आम्ही दोघे-तिघे प्रवेश उभा करतो. पबच्या माडीवरचा विनोद इथे जुनाच. विक्लो स्ट्रीटच्या इंटरनॅशनल बारमध्ये १९८८ साली तीन तरुणांनी ‘कॉमेडी सेलर’ सुरू केले. नावात तळघर, पण भरायचे वरच्या मजल्यावर! त्यातलाच एक आर्डल ओ’हॅनलन, म्हणजे ‘फादर टेड’मधला भाबडा डूगल.

आपल्याला तरी हे कुठे नवे आहे? माझे आजोळ कुडाळकडचे. तिथल्या दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. जत्रेच्या रात्री आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात. पुराणकथा सगळ्यांना ठाऊक. शब्द ज्याने त्याने उभ्या उभ्या जुळवायचे, पेटी-मृदंग सांभाळून घेतात. रात्रीचा राजा पावसाळ्यात शेतात चिखल तुडवतो. दादा कोंडकेसुद्धा आधी अपना बाजारात नोकरीच करीत.

नोकरी वेळ खाते हे खरे, पण माल तिथेच मिळतो. संध्याकाळी लुआसमध्ये मी दिवसभरात कानावर पडलेली एक गोष्ट टिपतो. विनोद नव्हे, बोलण्याची लकब. आमच्याकडे यंत्र बंद पडले तरी एक सहकारी ‘ग्रँड’ म्हणतो. आपल्या ‘बघू’चा हा सख्खा भाऊ, दोन्हींतून होकार की नकार ते देवालाही कळू नये.

मात्र तयार वाक्य खिशात घेऊन गेले की फजिती. एकदा मी तसे केले. जोडीदार हातात तान्हे मूल असल्यासारखा आत आला. मी त्याच्याकडे न बघता घोकलेला विनोद फेकला. खालचे ग्लास किणकिणलेले ऐकू आले! समोरच्याचे ऐकायचे, त्याने जे मांडले ते मोडायचे नाही, त्यात भर घालायची. सराव करायचा तो एवढाच, आणि तो तिघे असले तरी होतो.

मला खरी काळजी मुलांची आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीने इंग्रजी अक्षरांत लिहून चार वाक्ये घोकली. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिने विचारले, “बाबा, मी काय बोलले?” तिला मोडक्या का होईना, स्वतःच्या मराठीत बोलू द्या. ‘लिफ्ट’ आणि ‘उद्वाहन’ यांवर भांडायला आपण मोठे आहोतच.

कुणाच्या घरातले भलतेच काही स्टेजवर निघेल, ही ज्येष्ठांची भीती रास्त आहे. म्हणून खऱ्या माणसाचे नाव घ्यायचे नाही, हा नियम आधीच ठरवू.

कार्यकारिणीने पंधरा मिनिटे द्यावीत. प्रसंग मी सुचवतो: भाड्याचे घर बघायला तीस जणांची रांग लागली आहे आणि नेमक्या त्याच दिवशी सासूबाई पुण्याहून आल्या आहेत.

येत्या रविवारी दुपारी तीनला आमच्या घरी जमू. जो मोकळा असेल त्याने यावे, मुलांना आणावे. पाठांतर करून कुणी येऊ नये. चहा-पोहे आहेत.